दहावी पेंढी, दहावा शिपाई

पंचवीस वर्षांपूर्वी एका वृत्तपत्रात मी इंग्रजी बातम्यांचे मराठीत भाषांतर करण्याचे काम करीत असे. गारपिटीने द्राक्षबागांचे नुकसान झाल्याची एक बातमी एके रात्री माझ्या टेबलावर आली आणि तिच्या पहिल्याच वाक्यात 'डेसिमेट' हे क्रियापद होते. मी शब्दकोश उघडला, त्यातला पहिला अर्थ उचलला आणि 'दर दहा बागांमागे एक बाग नष्ट' असे लिहून मोकळा झालो. वरिष्ठ उपसंपादकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अहो, दहातली एकच बाग गेली असती, तर बागाईतदाराने पेढे वाटले असते," एवढेच ते म्हणाले, आणि लाल शाईने त्या जागी 'उद्ध्वस्त' लिहून त्यांनी कागद पुढे पाठवला.

शब्दकोश खोटे बोलत नव्हता आणि उपसंपादकही चुकले नव्हते. रोमन सैन्यातल्या एका शिक्षेचे नाव त्या शब्दात दडले आहे. लढाईतून पळ काढणाऱ्या तुकडीतल्या सगळ्यांनाच मारले तर सैन्य उरणार नाही, आणि कोणालाच मारले नाही तर शिस्त उरणार नाही. या पेचातून रोमनांनी काढलेला मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून साधारण दहावा भाग निवडायचा आणि निवडलेल्यांना त्यांच्याच सोबत्यांच्या दांडक्यांनी ठार मारायचे. इ.स.पू. ४७१ मध्ये व्होल्सी लोकांपुढून पळालेल्या सैन्याला अ‍ॅपियस क्लॉडियसने ही शिक्षा दिल्याचे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. पुढे स्पार्टाकसने केलेल्या गुलामांच्या बंडाच्या वेळी क्रॅसस या रोमन सेनापतीने ही जुनी प्रथा पुन्हा उकरून काढली आणि पाचशे जणांचे दहा-दहाचे पन्नास गट पाडून प्रत्येक गटातला एक माणूस मारवला, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. मला मात्र या साऱ्यात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवलेला एक तपशील विसरता येत नाही. वाचलेल्या सैनिकांना गव्हाऐवजी सातूचा शिधा मिळे आणि छावणीच्या तटबंदीबाहेर, उघड्यावर मुक्काम करावा लागे. म्हणजे ज्या नऊ जणांच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही, त्यांनी आधी दांडके चालवायचे आणि मग रोजच्या जेवणात त्याची आठवण चावायची. दहाव्याची शिक्षा एका दिवसात संपत होती. खरी शिक्षा नवांसाठी होती.

याच दहाव्या भागातून निघालेला दुसरा इंग्रजी शब्द म्हणजे 'टाइद'. शेतात आलेल्या पिकाचा, जनावरांना झालेल्या पिलांचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, हा तो 'टाइद'. मराठी बायबलमध्ये त्यालाच दशमांश म्हटले आहे. इंग्लंडमध्ये तो कित्येक शतके ऐच्छिक दान नव्हता, तर कायद्याने वसूल होणारे देणे होते. कापणी झाली की दहावी पेंढी पाद्र्याची, डुकरिणीच्या वेतातले दहावे पिल्लू पाद्र्याचे, आणि काही गावांत दर दहाव्या दिवशीचे दूधही पाद्र्याचे. हे सारे साठवायला दगडी भिंतींची प्रचंड कोठारे बांधली जात. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावातले चौदाव्या शतकातले असे एक कोठार जवळजवळ ५१ मीटर लांब असून आजही उभे आहे.

दहाने भाग गेला नाही की खरी गंमत सुरू होई. सातच कोकरे झाली तर पाद्र्याने काय न्यावे? काही ठिकाणी रीत अशी होती की पाद्र्याने एक कोकरू न्यावे आणि दहाला कमी पडलेल्या तीन कोकरांपोटी कोकरामागे अर्धा पेनी या हिशोबाने शेतकऱ्याला दीड पेनी परत द्यावा. देवाघरच्या देण्यातही सुट्ट्या पैशांची कटकट चुकली नाही, हे वाचून मला फार बरे वाटले. अठराव्या शतकात तिकडच्या घरांतून चिनी मातीच्या बाहुल्यांचा एक समूह शोभेसाठी ठेवला जात असे. त्यात दहावे डुकराचे पिल्लू न्यायला आलेला पाद्री आहे, बाजूला शेतकरी आहे, आणि शेतकऱ्याची बायको पिल्लाऐवजी आपले दहावे मूल पाद्र्यापुढे धरून उभी आहे. न्यायचेच असेल तर हेही घेऊन जा, असा तिचा हिशोब. पुढे १८३६ च्या कायद्याने पेंढ्या आणि पिलांची ही देवघेव बंद होऊन रोख रक्कम आली आणि तिचा दर गहू, सातू व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधला गेला.

दोन्ही शब्द एकाच दहाचे, पण दोघांनी त्या दहाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. 'डेसिमेट'मध्ये दहा स्पष्ट ऐकू येतो, कारण लॅटिनमधला 'डेसेम' तिथे जसाच्या तसा आहे आणि त्यातल्या 'डेसिमुस'चे आपल्या 'दशम'शी असलेले नाते कोणालाही ओळखू यावे. 'टाइद'मध्ये मात्र 'टेन'मधला 'न' शोधूनही सापडत नाही. इंग्रजीच्या पूर्वजांनी थ, स, फ यांच्या आधी येणारे अनुनासिक गिळून टाकले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. आपल्या हंसाचा जर्मन भाऊ 'गान्स' राहिला, पण इंग्रज भाऊ 'गूस' झाला; आपला दंत तिकडे 'टूथ' झाला; पंचाचा जर्मन अवतार 'फ्युन्फ', तर इंग्रजी अवतार 'फाइव्ह'. दहाव्यालाही याच न्यायाने जुन्या इंग्रजीत 'टेओथा' म्हणत. पुढे 'टेन'ला नव्याने 'थ' जोडून 'टेन्थ' घडवला गेला, मोजणीचे काम त्याच्याकडे गेले, आणि जुना शब्द चर्चच्या कोठारात 'टाइद' होऊन राहिला. तेव्हा ज्या शब्दाच्या उच्चारात दहा उरला नाही त्याने हिशोब चोख सांभाळला, आणि ज्याच्या तोंडी दहा सतत आहे तो हिशोब केव्हाच विसरला. आपल्याकडेही नावाचा आणि हिश्शाचा असा मेळ नेहमी बसतोच असे नाही. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणलेल्या सनदांतली चौथाई आपला हिस्सा नावातच सांगते, पण तिच्याबरोबरची सरदेशमुखी म्हणजे दहा टक्के, हे नावावरून कोणाला कळावे?

'डेसिमेट' म्हणजे दहापैकी एकाचा नाश आणि दुसरा कोणताही अर्थ अशुद्ध, असे ठासून सांगणारे भाषेचे पहारेकरी इंग्रजीत पुष्कळ आहेत. मला त्यांचा मुद्दा पटत नाही. अचूक एक दशांश माणसे मारणे या क्रियेसाठी वेगळ्या क्रियापदाची गरज एखाद्याला आयुष्यात किती वेळा पडणार? शिवाय हा नियम लावायचा तर डिसेंबरलाही दहाव्या महिन्याच्या जागी परत पाठवावे लागेल. रोमनांचे वर्ष मार्चपासून सुरू होई तेव्हा तो दहावा होता. आता बारावा असून नाव बदलायला तयार नाही. आपण तरी दोनच पंच हजर असलेल्या पंचनाम्यावर निमूटपणे सही करतो आणि पाच जणांच्या बैठकीवरून आलेली 'पंचाईत' एकट्याचीही होऊ देतो. तरीसुद्धा 'शहराचा चाळीस टक्के भाग डेसिमेट झाला' असे वाक्य वाचले की माझ्या दातांखाली खडा येतो, कारण तिथे एक आकडा दुसऱ्या आकड्याच्या डोक्यावर बसवलेला असतो.

हे दोन शब्द इंग्लंडमध्ये एकदा अगदी जवळ आले होते. १६५५ साली राजाच्या पक्षाचे बंड मोडल्यावर, राजसत्ता हटवून इंग्लंडचा कारभार हाती घेतलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलने त्या पक्षाच्या जमीनदारांच्या उत्पन्नावर दहा टक्के कर बसवला आणि त्याला नाव पडले 'डेसिमेशन'. आकडा पाद्र्याचा होता आणि हेतू रोमन सेनापतीचा. दोन वर्षांच्या आत तो कर गेला.

आमच्या शेजारी नगरकडच्या एक आजी राहतात. मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवले. दर महिन्याला पेन्शनचे तेवीस हजार रुपये त्या बँकेतून रोख आणवतात आणि जेवणाच्या टेबलावर पाचशेच्या शेहेचाळीस नोटा मोजायला बसतात. दर दहावी नोट, मग ती कोरी असो वा चिकटपट्टी लावलेली, बाजूच्या तपकिरी पाकिटात जाते. शेवटी सहा नोटा उरतात, आणि त्या सहांपोटी लागणारे तीनशे रुपये त्या बिस्किटांच्या जुन्या डब्यातून शंभराच्या तीन नोटा काढून भरतात. बदलून चांगली नोट का टाकत नाही, असे मी एकदा विचारले, तेव्हा निवडायला लागले की मन चुकते, असे त्यांचे उत्तर होते.

गेल्या महिन्यात त्या मोजत असतानाच मी त्यांना रोमन शिपायांच्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगायला घेतली. अ‍ॅपियस क्लॉडियसपर्यंत पोहोचलो होतो, तोच त्यांनी हातातल्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे वैतागून पाहिले.

"जरा गप्प बस बाबा. सव्वीस झाल्या होत्या की सत्तावीस?"