माउंटन फिल्म फेस्टिव्हल कसा बघावा, आणि मग डोंगरात कसं जावं

डोंगरावरच्या फिल्मांचा महोत्सव आपल्या शहरात आला की तिकीट काढावंच, असं माझं ठाम मत आहे. अंधाऱ्या सभागृहात, भरपूर डोंगरवेड्यांच्या सोबतीने, मोठ्या पडद्यावर कडा बघण्यात जी मजा आहे ती मोबाइलवर येत नाही. अंगात जो उत्साह संचारतो तोही खरा असतो. फक्त तो उत्साह घेऊन पुढच्याच शनिवारी डोंगरात जाताना पडद्यावरचं माप सह्याद्रीला लावलं की घोटाळा होतो. म्हणून आधी फिल्म बघण्याबद्दल थोडं, आणि मग चालण्याबद्दल जरा जास्त.

या महोत्सवांना चांगली जुनी परंपरा आहे. इटलीतल्या त्रेंतोचा महोत्सव १९५२ साली सुरू झाला, तो या प्रकारातला सगळ्यांत जुना. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात बॅन्फचा महोत्सव १९७६ पासून होतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवर केंडलला असाच एक भरतो. बॅन्फचा मूळ महोत्सव ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथेच होतो आणि निवडक फिल्मा मग जगभर फिरतात. मुंबई, पुणे, बेंगळुरूला येते ती ही फिरती आवृत्ती. म्हणजे आपल्याला दिसते ती एका संध्याकाळची निवड, आणि ती निवड स्थानिक आयोजक करतात. त्यामुळे दोन शहरांतल्या फिल्मा वेगळ्या असू शकतात. तिकीट काढण्याआधी यादी बघून घ्या. क्लाइंबिंग, स्कीइंग, कयाकिंग, सायकलिंग, डोंगरातली माणसं, पर्यावरण असे प्रकार एकत्र असतात. एखादी फिल्म चार मिनिटांची, तर एखादी पाऊण तासाची. चालणाऱ्यांनी माणसांवरच्या आणि लांब पल्ल्याच्या चालींवरच्या फिल्मा चुकवू नयेत. आपल्या कामाचं त्यांत जास्त सापडतं. बसायला मधल्या रांगांच्या जरा मागची जागा घ्यावी. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याची हलती दृश्यं पहिल्या रांगेतून बघितली की गरगरायला लागतं.

फिल्म बघताना एक प्रश्न सतत मनात ठेवा: कॅमेरा कुठे आहे? माणूस एकटाच कड्यावर दिसतो, पण त्याच्या वर कोणीतरी दोरावर लटकून चित्रण करत असतं. हेल्मेटवरच्या रुंद कोनाच्या लेन्समधून उतार असतो त्यापेक्षा बराच सौम्य दिसतो. उलट लांबून मोठ्या लेन्सने घेतलेलं दृश्य मधलं अंतर खाऊन टाकतं आणि कडा अंगावर आल्यासारखा वाटतो. ही दोन गणितं डोक्यात असली की इंटरनेटवर कुठल्या नाळेचा (दोन कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळीचा) व्हिडिओ बघून ‘एवढंच तर आहे’ असं वाटणं बंद होतं.

दुसरा प्रश्न, कापलं काय? पायथ्यापर्यंतची चाल, हवामान उघडायची वाट बघत तंबूत काढलेले दिवस आणि उतराई, या तीन गोष्टी हमखास कापल्या जातात. शिखरावर हात उंचावले की संगीत चढतं आणि पुढच्या दृश्यात मंडळी पायथ्याशी चहा पीत असतात. आपण सह्याद्रीत जे करतो ते बहुतेक या कापलेल्या भागातलंच असतं. म्हणून जिच्यात मंडळी शिखर न गाठता परत फिरतात ती फिल्म मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्यांनी कुठे, किती वाजता आणि काय बघून परतायचं ठरवलं ते नीट ऐका. फिल्म करणारे हजर असतील आणि प्रश्नोत्तरं असतील तर ‘भीती वाटली का’ यात वेळ घालवू नका. पाठीवर वजन किती होतं, पाणी कुठे मिळालं, परत फिरायची वेळ आधी ठरवली होती का, हे विचारा.

आपल्याकडच्या मंडळींनी मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात भरणारं गिरिमित्र संमेलनही चुकवू नये. तिथे सह्याद्री ज्यांच्या पायाखालचा आहे अशी माणसं भेटतात. एखाद्या वाटेची या महिन्यातली अवस्था तिथे चहाच्या रांगेतसुद्धा कळते.

आता चालण्याकडे.

वेळेचा अंदाज चुकला की बाकीच्या बऱ्याच गोष्टी चुकतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो आजही डोंगरात वापरतात: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. कळसूबाईला तो लावून बघू. शिखराची उंची १,६४६ मीटर. बारी गावातून साधारण साडेतीन किलोमीटरची वाट आणि ८०० मीटरच्या आसपास चढ. अंतराची ४० मिनिटं, चढाची ८० मिनिटं, झाले दोन तास. पण हा हिशोब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा, आणि तोही थंड हवेतला. नवखी मंडळी सोबत असतील तर दीडपट करा, म्हणजे तीन तास. शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी गेलात तर लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते, तिचा वेळ वेगळा. आणि उतरायला ‘अर्ध्या वेळेत’ हा हिशोब आपल्याकडे चालत नाही. चढाला जितका लागला जवळजवळ तितकाच धरा.

त्याचं कारण घसारा. सह्याद्रीतल्या उतारांवर कडक जमिनीवर मुरमाचा पातळ थर असतो, दोन-चार बोटांचा. पायाखालून तो ज्वारीच्या दाण्यांसारखा गडगडतो. फिल्ममध्ये परदेशी मंडळी खडींच्या उतारावरून टाचा रोवत धावत खाली येताना दिसतात. तिथली खडी पाऊल रुतेल इतकी खोल असते, म्हणून ते जमतं. आपल्या मुरमात टाच रोवली की खालच्या कडक थराला लागून सरकते आणि माणूस पाठीवर येतो. घसाऱ्यावर घाबरून मागे रेलणं ही सगळ्यांची पहिली चूक. मागे रेललं की वजन टाचेवर जातं, टाच सुटते. करायचं ते याच्या उलट. गुडघे थोडे वाकवून अंग पायांच्या बरोबर वर ठेवायचं, पूर्ण तळवा टेकवायचा, पावलं वीतभर टाकायची आणि तीव्र उताराला पाऊल आडवं ठेवून तिरकं उतरायचं. पुढच्या पायावर वजन देण्याआधी तो स्थिर झाला का ते बघायचं. दोन माणसांत अंतर ठेवायचं, पण दगड सुटलाच तर त्याला वेग यायच्या आत ओरडून सांगता येईल इतकंच.

हाताने काय धरायचं हेही महत्त्वाचं. वाळकं गवत मुळासकट हातात येतं. कारवी, म्हणजे इथल्या उतारांवरचं झुडूप, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. त्यानंतर तिचे वाळके दांडे उभेच असतात, दिसायला भक्कम, धरले की काडकन मोडतात. हिरवी कारवी बुंध्याशी धरली तर आधार देते. दिवाळीनंतर आडवं पडलेलं गवत घसाऱ्याइतकंच निसरडं असतं, त्याच्यावरून चालताना तेवढीच काळजी घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळापेक्षा बाजूच्या खडबडीत दगडावर पाय बरा.

उतरण्याआधी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधाव्यात, घोट्यापाशी घट्ट आणि बोटांवर सैल. पाऊल बुटात पुढे सरकून अंगठ्याची नखं काळी पडतात ती याच कारणाने. नखं आदल्या दिवशी कापलेली हवीत. नवे बूट पहिल्यांदा ट्रेकलाच घालू नयेत, आठवडाभर घालून शहरात हिंडावं.

वाट चुकण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याचा संबंध थेट सह्याद्रीच्या घडणीशी आहे. हा डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून पदर, म्हणजे दोन कड्यांमधला सौम्य उताराचा पट्टा, होतो. म्हणून आपल्याकडे कडा, पदर, पुन्हा कडा अशी उतरंड दिसते. पदरात झाडी असते, गुरं चरतात, ढोरवाटांचं जाळं असतं आणि मुख्य वाट तिथेच हरवते. कडा उतरायला मोजक्याच जागा असतात: एखादी नाळ, डोंगराची पुढे आलेली सोंड किंवा खिंड. पदरात वाट चुकलेला माणूस बहुतेक वेळा ओढा धरून खाली निघतो. पाणी खाली जातंय म्हणजे गावाला जाईल, असं त्याला वाटतं. पण ओढा पुढच्या कठीण थरावरून धबधबा होऊन कोसळतो. माणूस कड्याच्या काठावर येऊन अडकतो आणि उतरलेला कातळटप्पा परत चढता येत नाही. म्हणून वाट मोडली की ओढ्यात शिरायचं नाही. शेवटची खात्रीची खूण, दगडांची रास, रंगाचा बाण, मोठं झाड, जी काही असेल तिथपर्यंत परत जायचं. चढताना दर फाट्यावर एकदा मागे वळून बघायची सवय इथे कामी येते, कारण परतीची वाट तोंड फिरवल्यावर वेगळी दिसते. सगळ्यांत उत्तम म्हणजे पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्यावा. त्याच्याकडून वाटेबरोबरच झाडं, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, जुन्या वाटांची नावं असं बरंच कळतं.

पाण्याचं सोपं आहे. हिवाळ्यात दिवसभराला माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार ते पाच. गडावरच्या टाक्यांवर अवलंबून राहू नये. काही बारमाही असतात, बरीच फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटतात किंवा हिरवी होतात. भरपूर घाम आल्यावर नुसतं पाणी ढोसत राहिलं की पोटऱ्यांत गोळे येण्याची शक्यता वाढते. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घालावं आणि तहान लागायची वाट न बघता दर वीसेक मिनिटांनी चार घोट घ्यावेत.

हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही सॅकमध्ये हवाच. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि नाळेत त्याच्या बराच आधी अंधार होतो. मोबाइलची टॉर्च धरली की एक हात अडकतो आणि घसाऱ्यावर दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी ठेवावी. मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. नकाशा घरी असतानाच ऑफलाइन उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. रेंज मिळाली तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. कुठून चढणार, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन येईल हे घरी लिहून ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात तिथे सुगंधी स्प्रे, धूर आणि आरडाओरडा नको.

फिल्म बघून आल्यावर लगेच राजगड-तोरणा जोडट्रेकचे बेत ठरतात. एका गडावरून उतरून धारेने दुसऱ्यावर चढायचं, मधे पाणी जवळजवळ नाही, ऊन थेट डोक्यावर. फार सुंदर चाल आहे, पण ती पहिली नव्हे. पहिल्यासाठी मी राजमाची सांगेन. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण पंधरा किलोमीटरची, बहुतेक सपाट, रुंद वाट गडाखालच्या उधेवाडी गावात पोचवते. तिथे एका दिवसाच्या चालीत पाय, बूट आणि पाठीवरचं वजन यांची पारख होते. गावात घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय होते, आधी फोन करून ठेवावा. दुसऱ्या दिवशी पहाटे भैरोबाच्या देवळाच्या खिंडीत जावं. राजमाचीचे दोन बालेकिल्ले तिथे दिसतात: एका बाजूला श्रीवर्धन, दुसऱ्या बाजूला मनरंजन. दोन्हींत श्रीवर्धन उंच, तो आधी करावा. मग पावसाळा नसेल तर कर्जतच्या बाजूला, कोंडाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरावं. ही उतराई रानातून आहे, तीव्र उताराची आहे आणि वर सांगितलेला घसारा तिथे भरपूर मिळतो. रमतगमत तीन तास धरा. ऐन पावसात मात्र त्या उतारावर पाणी आणि शेवाळ असतं, तेव्हा आल्या वाटेने लोणावळ्याला परतलेलं बरं. कोंदिवड्याहून कर्जत स्टेशनला जायला रिक्षा मिळते, पण दुपार कलली की कमी होतात, म्हणून दोनच्या आत गावात पोचायच्या हिशोबाने गडावरून निघा.