मसाई पठारावर हवेत उभा राहिलेला तो पक्षी

मागच्या रविवारी मी आणि माझा मावसभाऊ पहाटेच गाडी काढून पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराला गेलो. सप्टेंबरातली फुलं संपली की तिथली गर्दीही संपते, आता नुसतं वाळलेलं पिवळं गवत, मध्येमध्ये उघडा पडलेला जांभा आणि वारा. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंडवाले ट्रेकर इथूनच जातात, १६६० च्या त्या रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले ते याच पठारावरून, तेव्हा हे नाव सगळ्यांना माहिती असतं. पण खरं सांगायचं तर शिकारी पक्षी बघायचे असतील तर थंडीतच या, गवत वाळलेलं असतं, आभाळ मोकळं असतं आणि लांबून बसलेला पक्षीसुद्धा दिसतो.

दहा वाजत आले होते आणि समोरच्या उतारावर, चांगला दोन-अडीचशे मीटर लांब, एक पक्षी हवेत एका जागी उभा दिसला. खालून पांढरा. मी दुर्बीण लावायच्या आधीच बोलून गेलो, कापशी आहे! आता कापशी आपल्याकडे रोजची, कळंब्याकडच्या रस्त्याला तारेवर बसलेली असते, अशीच हवेत थांबून खाली उंदीर बघते, आणि पोट पांढरंशुभ्र. त्यामुळे डोक्यानं एका सेकंदात नाव लावून टाकलं.

भाऊ पहिल्यांदाच माझ्याबरोबर आलेला, त्याला यातलं काही माहिती नाही. तो म्हणाला, "कापशी एवढी सावकाश पंख हलवत्या व्हय रे?"

मी परत बघितलं. बरोबर होतं त्याचं. कापशीचे पंख कसे भराभर, हलके फडफडतात, हा पक्षी मात्र जड पंख खोल मारत होता, मध्येच ते थांबवून नुसता वाऱ्यावर तोलून राहत होता, पाय थोडे खाली सोडलेले. रिकाम्या आभाळात पक्षी केवढा आहे हे खरंच कळत नाही हो, शेजारी मोजायला काहीच नसतं, लांबचा गरुड आणि जवळची कापशी डोळ्याला सारखीच वाटते. आमचं नशीब की तेवढ्यात एक घार तिकडून आली आणि त्याच्या शेजारून गेली. आणि घार लहान दिसली! घारीपेक्षा मोठा, म्हणजे कापशी तर नाहीच, ती कावळ्याएवढी.

घार ही आपली फूटपट्टी आहे, हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. घार नीट पाठ करा, तिची लांबी, पंखांचा बाक, शेपटीची खाच, शेपूट वळवून दिशा बदलायची पद्धत. गावात, रंकाळ्यावर, उसाच्या फडावर सगळीकडे आहे ती. मग नवीन काही दिसलं की घारीपेक्षा मोठं का लहान, शेपूट लांब का आखूड, डोकं बाहेर आलेलं का खांद्यात बसलेलं, एवढं विचारायचं. रंग सगळ्यात शेवटी, कारण सूर्य पक्ष्याच्या मागं असेल तर पांढरा पक्षीसुद्धा काळा दिसतो, आणि मधुबाजासारखा पक्षी तर इतक्या वेगवेगळ्या रंगात येतो की रंगावर भरवसा ठेवला की संपलंच.

भावानं मोबाईलनं फोटो काढला, झूम करून, उजेडाच्या विरुद्ध, आणि एका अॅपला दिला. अॅपनं भलत्याच गरुडाचं नाव दिलं. मी त्याला म्हटलं राहू दे ते, आधी वहीत लिही तुला काय दिसतंय. एकदा नाव कानावर पडलं की डोळे तेच शोधायला लागतात, मी कापशीच्या बाबतीत नुकतंच तेच केलेलं. त्यानं लिहिलं: घारीपेक्षा मोठा, हवेत थांबतो, डोकं मोठं घुबडासारखं, गळा आणि छाती तपकिरी, खाली पांढऱ्यावर तपकिरी आडव्या रेघा, शेपटीवर तीन काळसर पट्टे, पंखाच्या टोकाला बोटांसारखी सुटी पिसं.

या वहीतच उत्तर होतं. एवढ्या मोठ्या आकाराचे आणि तरी हवेत असे थांबणारे शिकारी पक्षी आपल्याकडे मोजकेच. खरूची, म्हणजे लहान ससाणा, तीही थांबते पण ती कापशीएवढीच. मासेखाऊ कैकर थांबतो, पण तो पाण्यावर, त्याच्या डोळ्यातून काळी पट्टी जाते आणि पंखाखाली मनगटाच्या जागी, म्हणजे पंख वाकतो तिथं, ठळक काळा डाग असतो. आमच्या पक्ष्याला तो डाग नव्हता, पंखाखालून सगळा फिकट. बूटेड गरुडाचा फिकट प्रकारही खालून पांढरा, पण त्याच्या पंखाचा मागचा अर्धा भाग काळा असतो, तेही इथं नव्हतं. राहिला एकच, सापमार गरुड.

राधानगरीला दिसतो तो तुरेवाला सर्पगरुड वेगळा बरं का. तो झाडीतला, ओरडत घिरट्या घालणारा, खालून गडद आणि पंखावर रुंद पांढरा पट्टा. सापमार उघड्या माळाचा. त्याचे पाय उघडे, जाड खवल्यांचे, सापाच्या दातांपासून तेवढंच संरक्षण, कारण विषाचा परिणाम त्याच्यावर होत नाही असं मुळीच नाही, तो जगतो ते पकडण्याच्या चपळाईवर. वर्षाला एकच अंडं घालतो, म्हणून एक जोडी गेली तर माळ रिकामा होतो. या मोकळ्या माळांना आपण पडीक म्हणतो ते मला फार लागतं.

आम्ही अर्धा तास बघत बसलो. तो तीनदा अर्ध्यावर उतरून परत वर गेला, चौथ्यांदा पाय पुढं टाकून थेट गवतात. वर आला तेव्हा चोचीतून सापाची शेपटी लोंबत होती, बाकीचा साप उडता उडताच गिळत होता. भाऊ नुसता "आयला, आयला" म्हणत होता.

शेजारी शेळ्या घेऊन एक धनगर मामा कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. मी विचारलं, मामा, हा रोज असतो काय इथं? ते म्हणाले, "सापमाऱ्या व्हय? येतोय की. पर लई सकाळी न्हाई यायचा. ऊन तापलं की सापबी भायेर पडत्यात, मग येतोय त्यो."

मी वहीत वेळ लिहिली, दहा वाजून चाळीस, वारा पश्चिमेचा. मामांनी उताराखालचं एक वाळकं झाड दाखवलं, पोट भरलं की तो तिथं बसतो म्हणाले. पुढच्या रविवारी पहाटे न निघता आठला निघायचं ठरलंय.