ग्राउटचा रंग आधी ठरवा

टाइलचा पहिला तुकडा चिकटवण्याआधी ग्राउटचा, म्हणजे तुकड्यांमधल्या फटींत भरायच्या मसाल्याचा, रंग ठरलेला असावा, हे माझं ठाम मत आहे. मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची नक्षी, करू पाहणारे बहुतेक जण सगळा जीव तुकड्यांवर लावतात आणि शेवटी फटींमध्ये घरात असेल ते व्हाइट सिमेंट भरतात. मग एवढी सुंदर नक्षी विस्कटलेली का दिसते, ते कळत नाही.

गच्चीवरचा चायना मोझॅक आपण सगळ्यांनीच पाहिलाय. गळती थांबवायला कोबा करायचा आणि त्यावर पांढरे तुकडे बसवायचे. उन्हाळ्यात छतही कमी तापतं. पांढऱ्यात पांढरं असल्यामुळे तिथे तुकडे वेगळे दिसत नाहीत. निळे-मोरपंखी तुकडे त्याच सिमेंटात बसवले, तर रंग फिकट पडतात आणि प्रत्येक तुकडा सुटा दिसतो. गडद राखाडीत तेच रंग खुलतात.

यंदा आमच्या इंदिरानगरच्या घरासमोरच्या तुळशी वृंदावनावर मोझॅक केलं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचं काम निघालं होतं, त्या राडारोड्यात निळ्या आणि मोरपंखी टाइल्स मिळाल्या. मी गडद राखाडीच धरून चालले होते. सासूबाईंनी नमुना पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, तुळशीला काळपट कसं चालेल? दरवर्षी लग्नाआधी आपण गेरू लावतो ना?" त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. व्हाइट सिमेंटात रेड ऑक्साइड मिसळून गेरूच्याच रंगाचं ग्राउट केलं. त्या तांबूस रेघांमध्ये मोरपंखी रंग असा उठून आला, की राखाडीत तो तसा कधीच आला नसता.

ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आतच ठेवावा, जास्त झाला तर सिमेंटची ताकद घटते. लागेल तेवढं सगळं मिश्रण एकदमच कोरडं कालवून ठेवायचं, नाहीतर दोन बाजूंना दोन छटा येतात. वाळल्यावर रंग उजळतो, म्हणून नमुना फळीवर लावून पूर्ण वाळू द्यावा.

वृंदावन गोल आहे. गोलाईवर अख्खी टाइल बसत नाही, तुकडे मात्र वळणाबरोबर वळतात. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला तो नागमोडी बाक असाच तुटक्या टाइल्सनी मढवलाय. पार्क वास्तुकार गौदीचं, बाकावरची बरीचशी नक्षी त्याचा सहकारी जुजोल याची. त्या बाकाचे फोटो मी तासन् तास बघू शकते.

फोडताना टाइल गोणपाटात गुंडाळायची आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. नेमका आकार निपरनं, म्हणजे टाइल तोडायच्या पकडीनं, काढायचा, धारदार कडा कार्बोरंडमच्या दगडावर घासायच्या. टाइलच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. भिंतीच्या साध्या टाइलमध्ये तो लगेच मुरतो, पाणी जवळजवळ न शोषणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइलवर तसाच राहतो. व्हिट्रिफाइड नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही, तिला टाइल अधेसिव्हच लागतं. उघड्यावरच्या कामात लाकडाचा पांढरा गोंद वापरू नका, पावसात तो मऊ पडतो.

फटी दोन-तीन मिलिमीटरच्या, शक्यतो सगळीकडे सारख्या. ग्राउट भरून थोडं आवळलं, की ओल्या स्पंजनं तिरकं पुसायचं. सरळ रेघेवरून पुसलं तर भरलेलं ग्राउट बाहेर निघतं. नंतर काही दिवस पाणी मारत राहायचं.

आता ओट्यामागची पट्टी करायची आहे. तिथे सिमेंटचं ग्राउट नको, हळदीचा डाग त्यात मुरतो. इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट, घेणार आहे. ते लवकर घट्ट होतं, त्यामुळे थोडं थोडंच कालवावं लागेल. रंग अजून ठरलेला नाही. राखाडीच्या दोन छटांचे नमुने ओट्यावर ठेवलेत, सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघतेय.