“वकीलसाहेब, गांजा खुल्ला करता म्हणे?”

2024 च्या विधानसभेला मी यवतमाळ जिल्ह्यातून अपक्ष उभा होतो. माझ्या पत्रकावर एकच विषय होता : अमली पदार्थांचा 1985 चा कायदा, ज्याला कोर्टात आम्ही एनडीपीएस म्हणतो. लोक विचारायचे, कायदा दिल्लीचा, तुम्ही मुंबईत जाऊन काय करणार? प्रश्न रास्तच होता. पण अमली द्रव्यं हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय आहे, आणि याच कायद्याचं कलम 10 भांगेच्या झाडाच्या लागवडीचं नियमन राज्याकडे देतं. हिमाचलच्या विधानसभेनं त्याच सप्टेंबरात या लागवडीबाबतचा अहवाल स्वीकारला होता. शिवाय पोलीस आणि दवाखाने राज्याचेच.

नोव्हेंबरात कापसाची वेचणी चालू असल्यानं दिवसा गावात कोणी सापडत नाही. म्हणून एका गावात दिवेलागणीला मारुतीच्या पारावर सभा घेतली. मी वजनकाट्याचा मुद्दा मांडत होतो. कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडा सोबत नसेल तर पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. पण तुरीच्या ओळीत झाडं सापडली की मी पाहिलेल्या खटल्यांत ती अख्खी उपटून, मुळाच्या मातीसकट तोललेली असतात. काटा 20 किलोच्या वर गेला की ‘व्यापारी प्रमाण’ होतं, कलम 37 आडवं येतं आणि जामीन जवळजवळ बंद. या मुद्द्यावर उच्च न्यायालयानं जामीन दिलेले आहेत, पण तिथवर पोचायला वावर विकावं लागतं.

तेवढ्यात बायकांमधून एक माय उठली.

“काऊन वकीलसाहेब, गांजा खुल्ला करता म्हणे तुमी? माह्या पोट्ट्याचं वाटोळं केलं त्यानं. अन् तुमी त्याचाच भोंगा वाजवून रायले?”

आमचा कार्यकर्ता तिला बसवायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि पारावरून खाली उतरलो. तिचा राग खरा होता, आणि माझी उमेदवारी तिला उत्तर देता येईल तेवढीच खरी होती.

“खुला करा असं मी म्हणत नाही, माय. पोराचं सांगा.”

पोरगा बसस्टँडवर पुडीसकट धरला गेला होता. काही दिवस आत राहून जामिनावर आला. “जेलात गेला तवा वाटलं सुधरन. आला त आनखी दोन गोष्टी शिकून आला.” मी तिला कलम 64अ सांगितलं : थोड्या मालात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचार घेत असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. ही तरतूद तिला ठाण्यात कोणी सांगितली नव्हती, कोर्टातही नाही. माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात माणुसकीचं कलम हेच, आणि तेच कपाटात पडून आहे.

“भरती कुठं करतेत?” तिनं विचारलं. तालुक्याच्या दवाखान्यात तशी सोय नव्हती. यवतमाळ गाठावं लागणार होतं.

मागून एक जण पुढं आला. त्याचा भाऊ धुऱ्यावरच्या झाडांपायी आत होता. माय त्याच्यावर उसळली, “तुह्याच भावानं पेरलं असन!”

“पेरलं असन, माय. शिक्षा भोगू दे त्याले. पण माती त नोका तोलू म्हनतो मी.”

त्यावर ती काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “उद्या तुमच्या गाडीत नेता का पोट्ट्याले?” आचारसंहिता लागलेली, मी उमेदवार, मतदाराच्या घरच्याला गाडीनं नेलं तर लालूच ठरली असती. नाही म्हणताना जीव तुटला. वकील म्हणून हे काम मी निवडणुकीआधी कित्येकदा केलं होतं.

“मी नेतो मोटरसायकलवर,” तो माणूस म्हणाला.

पारावर बसून मी त्याला कोऱ्या कागदावर लिहून दिलं : भरतीची तारीख, डॉक्टरची सही, शिक्का, आणि हे सगळं कोर्टाच्या तारखेच्या आधी वकिलाकडे द्यायचं. उपचार अर्ध्यात सोडले तर सूट काढून घेता येते, हेही बजावलं.

“पळू देत नाई त्याले,” त्यानं सांगितलं, आणि सकाळी किती वाजता निघायचं ते मायला विचारायला गेला.