पोकर स्पर्धेतल्या ऑल-इनचा जमाखर्च

नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराची हजारो खेळाडूंची स्पर्धा खेळायला बसलो तेव्हा एक गोष्ट ठरवून ठेवली होती. प्रत्येक ऑल-इनला, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम डावावर लावताना, जिंकायची शक्यता किती होती, ते लिहून ठेवायचं.

सुरुवातीला लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही. ब्लाइंडच्या (पत्ते बघण्याआधीच लावावी लागणारी पैज) मानाने स्टॅक, म्हणजे जवळच्या चिप्स, भरपूर, त्यामुळे पत्ते फेकत बसणं परवडत होतं. कुणी उगाच कॉल करत, म्हणजे समोरच्याइतकीच पैज लावत राहिलं की चिप्स थोड्याथोड्या माझ्याकडे सरकायच्या. माझ्या मते खरं कौशल्य इथलंच, पण घरी गेल्यावर हे कुणी सांगत नाही.

मग ब्लाइंड वाढले. मोठ्या ब्लाइंडच्या बारापटच चिप्स उरल्या असताना एक्का-दश्शीवर ऑल-इन केलं, समोर एक्का-राणी. जेमतेम २६ टक्के, दश्शी आली. पुढे एक्क्यांनी राजांना हरवलं, ८२ टक्के. राण्यांची जोडी एक्का-राजापुढे टिकली, ५६ टक्के. शेजारचा म्हणाला, "छान खेळताय!" यात खेळणं कसलं?

ब्रेकमध्ये त्याच्याशीच वाद झाला. त्याचं म्हणणं, एवढ्या गर्दीत सगळं नशीबच. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत, मेन इव्हेंटमध्ये, डॅन हॅरिंग्टन २००३ मध्ये ८३९ जणांत तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी २,५७६ जणांत चौथा, हे मी सांगितलं. तो हसला, "एकच नाव ना?" मुद्दा बरोबर होता. ८० टक्क्यांची बाजू घेऊन पाच वेळा ऑल-इन केलं, तरी पाचही जिंकायची शक्यता ३३ टक्केच. म्हणून तर ऑल-इन जितके टाळता येतील तितके बरे.

बबलवर ते जमलं. बक्षिसाच्या उंबरठ्यावर बाहेर पडायला कुणीच तयार नव्हतं. फालतू पत्त्यांवर रेझ करून, म्हणजे पैज वाढवून, मी ब्लाइंड उचलत राहिलो. शोडाउन, म्हणजे पत्ते उघडून दाखवायची वेळ, एकदाही नाही.

बक्षिसात आल्यावर थोड्याच वेळात गुलामांची जोडी आली. समोर सत्तींची, त्याचा स्टॅक माझ्याहून मोठा. ८१ टक्के. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पत्त्यावर, सत्ती.

उठताना शेजारचा हळहळला, "नशीबच फुटकं." कागदावर बेरीज केली: २६, ८२, ५६, ८१. या चारांतले हिशेबाने अडीचही जिंकायला नको होते. मी तीन जिंकलो होतो.