एका दमात किती?

श्रावणातली दुपार. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात ओपीडी संपत आली होती, तेवढ्यात एका मोटरसायकलवरून तिघं आले. मधल्याला मागच्याने कवेत धरून ठेवलं होतं. मधला २२ वर्षांचा. गावात कुठेही साप निघाला की त्यालाच हाक मारतात. उजव्या अंगठ्याला चावा, पाऊण तास झालेला.

"नाग होता, नक्की?" मी विचारलं. मित्राने उत्तर न देता मोबाईल पुढे केला. रील करतानाच चावला होता. व्हिडिओत तो उकिडवा बसून, शेपटी धरून नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांतला फरक समजावत होता, आणि सगळं बरोबर सांगत होता. मग "आता बघा" म्हणत दुसरा हात फण्याकडे नेला. त्या क्षणी त्याचे डोळे नागावर नव्हते, मोबाईलवर होते.

पापण्या जडावल्या होत्या, बोलणं घोगरं झालं होतं. "एका दमात आकडे मोज." नागाच्या विषाने श्वासाचे स्नायू ढिले पडत जातात, तसा हा आकडा उतरतो. २२ पर्यंत गेला. सिस्टरांनी सर्पदंशाची लस काढली. ही लस पावडरच्या रूपात येते. प्रत्येक बाटलीत पाणी घालून ती दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवावी लागते. जोरात हलवली तर फेस होतो. अशा १० बाटल्या. मी, सिस्टर आणि वॉर्डातले मामा, तिघं मिळून बाटल्या फिरवत होतो आणि तो मोजत होता. १४. मग ९. स्नायूंना ताकद यावी म्हणून अॅट्रोपीन आणि निओस्टिग्मिन ही औषधं दिल्यावर डोळे किंचित उघडले, अर्ध्या तासात पुन्हा मिटले. मान उचलेना. श्वासनलिकेत नळी टाकली.

मित्र तेव्हाही शूट करत होता. मी त्याच्या हातातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि त्या हातात अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दिली. "पाच सेकंदांनी एकदा दाब. मनात मोज. थांबू नकोस."

आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. १०८ मधून जिल्ह्याच्या ठिकाणी जाईपर्यंत आम्ही दोघांनी आळीपाळीने ती बॅग दाबली. वाटेत तो रडत सांगत होता, की दोघं लहानपणापासून टीव्हीवर मगरी-साप हाताळून दाखवणाऱ्या स्टीव्ह अर्विनचे व्हिडिओ बघत आलेत, त्याच्यासारखंच व्हायचं होतं. अर्विन मलाही आवडायचा. मगरीबद्दल बोलताना त्याच्या आवाजात जे प्रेम होतं ते खरं होतं, असं मी आजही मानते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात समुद्राखाली चित्रीकरण चालू असताना स्टिंगरेचा काटा छातीत घुसून तो गेला. वय ४४. कॅमेरा तेव्हाही चालूच होता, पण ते दृश्य कधी दाखवलं गेलं नाही. आमच्या या मुलाची क्लिप मात्र आम्ही घाट चढत असतानाच कुणीतरी पुढे पाठवून दिली होती. चावा बसतो तिथेच ती संपते. त्यापुढचं काहीच तिच्यात नाही, आणि गावातली दहावी-बारावीची पोरं तेवढंच बघणार, याचा मला आजही राग येतो.

नाग गाडीच्या डिकीत, प्लास्टिकच्या बरणीत राहिला होता. आठवण झाल्यावर मामांनी वनरक्षकांना बोलावलं. तोंडाजवळ खरचटलं होतं, पण जिवंत होता. त्यांनी तो नेऊन सोडला. साप पकडायला काठी, पाइप आणि पिशवी लागते. हातात धरून भाषण करायची गरज कधीच नसते, हे त्या मुलालाही माहीत होतं. आधी दोन वर्षं तो तसंच पकडायचा. बघणारे वाढले आणि काठी घरी राहू लागली.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. अंगठ्याभोवतालची कातडी काळी पडली होती, ती शल्यचिकित्सकांनी काढली. पंधरवड्याने तो आईबरोबर माझ्याकडे ड्रेसिंगला आला. आई दारातच थांबली, आत येईना. मी पट्टी सोडता सोडता म्हटलं, "मोज बघू."

त्याने छाती भरून श्वास घेतला. दारातून आईही ओठ हलवत मोजत होती. तो ३८ वर थांबला.