आमची वाटचाल: दस्ते सांधण्यापासून शिक्के वाचण्यापर्यंत

धंदा सुरू केला तो लाकडाच्या कामावर. जुन्या लष्करी रायफलींचे फुटलेले दस्ते सांधायचे, तडे भरायचे, जवसाचं तेल पाजायचं. लोखंड भागीदाराकडे, लाकूड माझ्याकडे. गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली: "नव्यासारखी करून द्या." आणि घोडं तिथेच अडायचं, कारण शंभर वर्षांची रायफल नवी केली की तिची किंमत बहुतेक वेळा उतरते.

हळूहळू ध्यानात आलं, की लोकांना दुरुस्तीच्या आधी हातातली वस्तू नेमकी काय आहे ते हवं असतं. आज आमचं निम्मं काम ओळख पटवण्याचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे घेतो. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे अजूनही ऐकावं लागतं.

परवाना पाहिल्याशिवाय काहीच आत घेत नाही. मग नळी रिकामी आहे का, ते बघायचं. ठासणीच्या बंदुकीत कोणे एके काळचा बार तसाच बसलेला सापडतो. गज नळीत सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तेवढीच लांबी बाहेरून लावून बघायची. गज बुडापर्यंत पोचला नसेल तर आत काहीतरी आहे.

त्यानंतर शिक्के. १९०७ च्या धर्तीच्या ली-एनफील्डवर बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दट्ट्याच्या) दांड्याखाली, उजव्या अंगाला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना आणि साल असतं. पण ते साल सांगाड्याचं, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या भागाचं. नळी मागाहून बदललेली असू शकते. म्हणून बोल्ट, नळी, दस्त्याच्या पुढच्या टोकाची टोपी असे सगळे क्रमांक ताडून बघतो. १८५३ च्या एनफील्डवर 'टॉवर' हे लंडनच्या शस्त्रागाराचं नाव दिसलं की मालक खूश होतात, पण हा शिक्का नकलांवरही मारलेला असतो. मोसिन-नागां या रशियन रायफलीचे क्रमांक जुळले म्हणून हुरळून जाऊ नये. सोव्हिएत डागडुजीत जुना आकडा खोडून बोल्टवर नवा घातलेला असतो.

एकदा अरिसाका ही जपानी लष्करी रायफल आली. वरचं सोळा पाकळ्यांचं शाही शेवंतीचं फूल घासून टाकलेलं. मालकाला ते पुन्हा कोरून हवं होतं. आम्ही नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या शरणागतीनंतर हत्यारं सोपवताना ही फुलं घासली गेली. त्या ओरखड्यांतच तिचा इतिहास आहे. गिऱ्हाईक गेलं, जाऊ दे.

नळी काळी करण्याच्या कामात घाई चालत नाही. जुनी पद्धत म्हणजे नळीला आम्लाचा हात द्यायचा, तांबडा गंज चढू द्यायचा, मग उकळत्या पाण्यात ठेवायची. गंज काळा पडतो, तो बारीक तारेने हलकेच झाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. कॉस्टिकच्या गरम द्रावणात हे पटकन होतं, पण ते द्रावण कथलाने झाळलेले सांधे खातं. शिवाय मूळ रंग काळा होता का, तेही बघावं लागतं. अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६१ च्या स्प्रिंगफील्डची नळी मुळातच उजळ ठेवलेली असायची.

लाकडाला पॉलिश पेपर लावत नाही, म्हणजे नाहीच. खड्डे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री धरून उठवतो. शिक्क्याजवळ मात्र वाफही नको, कारण तोही फुगून पुसट होतो.

बार उडवायचा असेल तर बंद बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर गेजने मोजल्याखेरीज आम्ही होकार देत नाही. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या १९०३ च्या रायफलीचा क्रमांक ८,००,००० च्या आतला असेल तर गेजही काढत नाही. त्या काळी पोलादाचा ताव नजरेने जोखला जायचा, त्यामुळे काही सांगाडे ठिसूळ निघाले. ती भिंतीवरच बरी.

आता एक मुलगी शिकायला येते. तिची पुस्तकातली ओळख चांगली आहे, हात अजून बसायचाय. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात आणि बाजारातल्या पेचकसाचं पातं पाचरीसारखं, म्हणून खाच फाटते. सध्या तिच्याकडे खाचेच्या मापाने पेचकस घासायचं काम दिलंय.